तेरावा महिना

नगरथपेट, बेंगळूर
कार्तिक वद्य द्वितीया, शके १९२१
(तुमच्या गणतीने २५ नोव्हेंबर १९९९)

प्रिय शरच्चंद्र,

मी, गुंडूराव विठोबा पिसे, वय वर्षे शहात्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, पूर्वीचा धंदा रेशमी धाग्याचे दुकान, सध्या घरीच, पूर्ण शुद्धीवर असून व कोणाच्याही दबावाखाली नसून पुढीलप्रमाणे लिहून देतो. बापाच्या पत्राची ही सुरुवात पाहून हसू नकोस. महत्त्वाची गोष्ट अशाच रीतीने लिहावी, असे माझे मत आहे.

तुझे पत्र पोचले. आई तेरा डिसेंबरला गेली, म्हणून तिच्या वर्षश्राद्धासाठी त्याच दिवसाची रजा घेतली, विमानाचे तिकीटही काढले, असे तू मोठ्या समाधानाने कळवले आहेस. शरच्चंद्र, तुझी तारीख चुकली. यंदा ज्येष्ठ अधिक होता. वर्ष तेरा महिन्यांचे झाले. तुझी आई गेली ती मार्गशीर्ष वद्य दशमी. ती यंदा एकतीस डिसेंबरच्या दुपारी येते. मी पंचांग पाहिले, पुन्हा पाहिले आणि वेणुगोपाल भटजींपुढे ठेवले. त्यांनीही तेच सांगितले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो असा.

एकतीस डिसेंबर तुझ्यासाठी काय आहे, हे मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला तू आला होतास, तेव्हा स्वयंपाकघरात बसून हे काम आम्हाला समजावलेस. तुझी आई भिजवलेल्या अवरेकाळूच्या, म्हणजे वालाच्या ओल्या दाण्यांच्या, साली काढत होती. यंत्रे वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लक्षात ठेवतात. नव्व्याण्णवनंतर शून्य शून्य आले की ती एकोणीसशे साल समजतील, असे तू म्हणालास. तिने विचारले, "म्हणजे त्या यंत्राच्या मते मी अजून जन्मलेच नाही?" तू हो म्हणालास. "बरं झालं," ती म्हणाली, "तुझ्या अप्पांशी लग्न टळलं." तू एवढा हसलास की तिच्या सुपातले दाणे सांडले. मी हसलो नाही. माझी ती रीत नव्हती. आता ते वाक्य आठवते, आणि घरात कोणी नसले की मी हसतो.

पुढे तू दिल्लीस गेलास आणि देशभराच्या कामाची आखणी तुझ्याकडे आली. रेल्वे, बँका, वीज, टेलिफोन, इस्पितळे. कोणत्या राज्यात कोणी काय तपासायचे, दुरुस्ती केव्हा संपवायची, आणि यंत्र बंदच पडले तर हाताने काम कसे रेटायचे, हे तुझ्या पत्रांतून मी वाचत आलो. पंधरा डिसेंबर ते पंधरा जानेवारी कोणालाही रजा नाही, हा नियम तूच केलास. तुझ्या हाताखालच्या अरविंदाने बायकोच्या बाळंतपणासाठी रजा मागितली, तीही तू नाकारलीस. तेव्हा स्वतःसाठी तू नियम मोडणार नाहीस. मोडलास तर मला आवडणारही नाही. त्याच पत्रात तू लिहिले होतेस की यंत्रांपेक्षा माणसे अवघड. कार्यालये काही न तपासताच "आमच्याकडे अडचण नाही" असे कळवून मोकळी होतात. ते वाक्य मला लागले होते. का, ते खाली लिहितो.

गेल्या वर्षी तुझी आई पहाटे गेली, तेव्हा तू याच कामाच्या बैठकीसाठी गुवाहाटीत होतास. धुक्यामुळे तुझे विमान अडकले. थांबता येईना, म्हणून अग्नी मी दिला. दुसऱ्या दिवशी तू पायऱ्या चढत असताना तुझे मामा नरसिंहराव सर्वांदेखत म्हणाले, "देशाचं घड्याळ लावायला गेला होता. घरातलं बंद पडल्यावर आला." तू तसाच आत गेलास. तिच्या खाटेपाशी बूट न काढताच उभा राहिलास. वर्षश्राद्ध तरी आपल्या हातून वेळेवर व्हावे, ही तुझी ओढ मला त्या दिवसापासून दिसते आहे.

म्हणून भटजींना मी उपाय विचारला. ते म्हणाले, मुलगा असेल तेथून करू द्या. तर एकतीसला दुपारी थोडा वेळ कचेरीबाहेर ये. तीळ आणि पाणी दिल्लीतही मिळते. दक्षिणेकडे तोंड कर. तिकडून बेंगळूरही दक्षिणेलाच आहे.

आता या पत्राचे खरे कारण. उन्हाळ्यापासून मला घास उतरत नव्हता. शुभदा दर रविवारी इंदिरानगरहून येऊन विचारी, आणि तुझ्या त्या कार्यालयांप्रमाणे मी तिला अडचण नाही असे कळवीत राहिलो. गणपतीनंतर तिने ऐकले नाही. तपासणी झाली. डॉक्टर किरणकुमार कन्नडमध्ये स्पष्टच बोलले, की अज्जा, नव्या वर्षाचे मी काही सांगू शकत नाही. तुझ्या बहिणीने तुला फोन लावला होता. तो मी खाली ठेवायला लावला. हे बापानेच मुलाला कळवावे. तरी मी लिहून देतो की, एकतीस डिसेंबरला, अथवा माझ्या वेळेला, शरच्चंद्र येऊ शकला नाही, तर त्यास कोणीही, पायऱ्यांवर किंवा मागाहून, बोल लावू नये. मला अग्नी शुभदा देईल. एकतीसला पाणी एका नावाने सोडायचे की दोन, ते ती तुला कळवील. घरच्या कार्याला इंग्रजी तारीख मी आजवर कधी मानली नाही. तथापि तू ते तिकीट परत करू नकोस. तेरा डिसेंबरलाच ये. ती तारीख चुकीची आहे, पण त्या दिवशी मी घरी असेन. अवरेकाळू तोवर बाजारात आलेले असतील. साली काढायला आपण दोघे बसू.

तुझाच,
अप्पा

वरील मजकूर वाचला गेला तेव्हा समक्ष हजर: तुझी बहीण शुभदा, वेणुगोपाल भटजी, आणि तुझे मामा नरसिंहराव. बोल लावू नये, हे वाक्य मी मामांना पुन्हा वाचून दाखवणार होतो. त्याआधीच त्यांनी सहीसाठी हात पुढे केला.