दादाने भरलेली उत्तरं

दादा,

सोमवारी सकाळी देवापुढे हात जोडले आणि तुला न सांगता एकटाच समुपदेशक बाईंकडे गेलो.

एरवी तू सोबत यायचास. भेटीआधी भरायचा प्रश्नांचा कागद माझ्या हातातून ओढून घ्यायचास. "तू लिहीत बसलास तर संध्याकाळ होईल. आण इकडे!" झोप लागते का, भीती वाटते का, सगळ्याला तूच उत्तरं दिलीस. मरावंसं वाटतं का, या प्रश्नापुढे मला न विचारता 'कधीच नाही'वर खूण केलीस. वर म्हणालास, "आपल्या घरात असली थेरं नाहीत."

दर भेटीला माझ्या त्रासाचा आकडा उतरत गेला. बाईंनी आलेख दाखवला तेव्हा तू लगेच घरी फोन लावलास, "आपला गडी पास झाला!" पुढच्या भेटीनंतर उपचार थांबवू, असं बाई म्हणाल्या. मी मान डोलावली. पण दादा, तो आलेख तुझ्या सुटकेचा होता. मी होतो तिथेच होतो.

सोमवारी कागद मी भरला. मरणाच्या प्रश्नापाशी पेन अडलं. मग वाटलं, सकाळी ज्याच्यापुढे उभा राहिलो त्याला सगळं ठाऊक आहे, आणि तू काही त्याच्याहून मोठा नाहीस. 'रोज'वर खूण केली.

बाई दचकल्या. "त्रास एकदम इतका वाढला?"

"वाढला नाही बाई. आज पहिल्यांदा मोजलाय."

हे पत्र तुला देणार नाही. तू तेही सुधारून परत करशील. उपचार चालू राहणार आहेत. दादाला यापुढे आत घेऊ नका, असं बाईंना सांगून आलोय.

तुझा नापास,
धाकटा