मालकाचं खातं

३ मार्च, सोमवार

चौकोन! तीनशे बारा पानं, आणि सगळे नुसते चौकोन!

संपादक बाईंनी ज्ञानकोशाची प्रुफं तपासायला पाठवली. हौसेने फाइल उघडली, तर अक्षरांच्या जागी रिकामी खोकी. फोन केला. "आमचा प्रोग्रॅम टाकून घ्या, आमच्या अक्षरांचा टाइप त्यातच आहे. आता कागदावर कुणालाच पाठवत नाही हो आम्ही."

प्रोग्रॅम टाकायला गेले तर पडद्यावर पाटी – अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड द्या. हा कोण उपटला? लॅपटॉप माझा. वापरलेला असला तरी मी घेतलेला, गेल्याच महिन्यात, स्वतः दुकानात जाऊन.

पुढच्या सोमवारपर्यंत पहिली चाळीस पानं तपासून गेली नाहीत तर काम दुसऱ्या कुणाला जाईल. बाई तसं बोलल्या नाहीत. पण "जमेल ना तुम्हाला?" असं दोनदा विचारलं. पूर्वी एकदाही विचारत नसत.

४ मार्च

सकाळी चष्मा पुसून कामाला लागले. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन खाती पाहिली. दोन निघाली. एक माझ्या नावाचं, त्याखाली 'स्टँडर्ड'. दुसऱ्याचं नाव चक्क 'मालक'! त्याखाली 'अॅडमिनिस्ट्रेटर', आणि पासवर्डचं कुलूप.

म्हणजे मी माझ्याच लॅपटॉपवर भाडेकरू. आणि मालक कोण, तर तो दुकानदार! दुसरं कोण असणार?

ह्यांना दाखवलं. वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "अगं, तूच घातला असशील पासवर्ड. आठवून बघ जरा." माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं लोकांच्या चुका शोधतेय मी! वेलांटी हललेली दिसते मला, आणि पासवर्ड विसरेन? म्हणाले, "बरं बाई, नसशील विसरली." ते 'बरं बाई' फार लागलं. आईशी आम्ही सगळे असंच बोलायचो, शेवटी शेवटी.

५ मार्च

गॅसवर दूध राहिलं, पातेलं जळलं. कुणाचंही राहतं.

६ मार्च

दुकानात गेले. दुकान कसलं, जिन्याखालची बोळकांडी – भिंतभर वायरी, टेबलावर पोट उघडून पडलेली यंत्रं. मी काही बोलायच्या आत त्याने पंखा माझ्याकडे वळवला, स्टूल पुसून पुढे केलं. मला गोड बोलणारी माणसं आधीच खपत नाहीत.

उभ्यानेच सुनावलं. "वस्तू विकायची आणि किल्ली स्वतःजवळ ठेवायची? ही चोरी झाली. चोर आहात तुम्ही!" दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बघू देत म्हटलं.

तो चिडेल, हुज्जत घालेल अशी तयारी ठेवली होती. तो फक्त म्हणाला, "मालकाचं खातं वेगळं आणि रोजचं वेगळं, असंच देतो मी सगळ्यांना. चुकून भलतं काही पुसलं जात नाही." मग लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेत, "ठेवून जा, ताई. संध्याकाळी या."

संध्याकाळी लॅपटॉप तयार होता. म्हणाला, "या वेळी तुमच्या रोजच्याच खात्याला अधिकार देऊन टाकलेत. पासवर्डची भानगडच नको."

'या वेळी'! जादा शब्द माझ्या नजरेतून सुटत नाही, तसा कानातूनही नाही. "या वेळी म्हणजे? मागची वेळ कुठली?"

स्क्रू गोळा करता करता म्हणाला, "बोलायची सवय हो, ताई."

माझ्याकडे बघितलंही नाही. मनात पाप असल्याशिवाय का कुणी नजर चुकवतं?

७ मार्च

पुन्हा खाती उघडून खात्री केली. माझ्या नावाखाली – अॅडमिनिस्ट्रेटर! कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

प्रोग्रॅम बसला. चौकोन गेले, अक्षरं आली. एकदम घर भरल्यासारखं वाटलं. चौदाव्या पानावर नदी उलटी वाहत होती – उगम आणि मुखाची अदलाबदल. धरली! जेवणापर्यंत बावीस पानं झाली.

ह्यांना म्हटलं, "पाहिलंत? माझी चूक नव्हती." म्हणाले, "छान झालं." आणि माझ्या ताटात न मागता पोळी वाढली.

८ मार्च

चाळीस पानं संपली. बाईंना पाठवली, दोन दिवस आधी!

मग म्हटलं, आता त्या 'मालका'चा निकाल लावू. खातंच पुसून टाकायचं. पुसण्याआधी आत काय आहे ते तरी बघावं. फोल्डरवर टिचकी मारली – परवानगी नाही, पुढे जायचं? पुढे म्हटलं. आता कोण अडवतंय मला!

आत एकच फाइल. नाव 'आठवण'.

ह्यांची आंघोळ चाललीये. बाहेर आले की त्यांच्यासमोरच उघडते. पुरावा बघू देत एकदाचा.

८ मार्च, दुपारी

धीर धरवला नाही. एकटीनेच उघडली.

तारीख १९ फेब्रुवारी. "पासवर्ड पुन्हा विसरले. दुकानात जाऊन दुसऱ्यांदा बदलून आणला. तिथे मला घाम फुटला, दुकानदारांनी पंखा लावून दिला. घरी कळवू नका, आणि मी पुन्हा विसरले तर मलाही हे सांगू नका, म्हणून हात जोडले. ते हो म्हणाले. वहीत लिहायचं धाडस होत नाही. नवा पासवर्ड इथेच लिहून ठेवते, म्हणजे हरवणार नाही."

खाली पासवर्ड. आईचं नाव आणि तिचं जन्मसाल.

कुलपाची किल्ली कुलपाच्या आत ठेवली मी. शुद्धलेखनाची मात्र एकही चूक नाही.

भर दुकानात त्या माणसाला चोर म्हणाले, आणि तो ऐकत राहिला – मला शब्द दिला होता म्हणून.

ह्यांना हाक मारलीये. फाइल उघडीच ठेवली आहे.