तळ्याकाठचे सदतीस मामा

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? माझं बरं चाललंय, निदान शुक्रवारपर्यंत तरी. तेवढीच मुदत बाईंनी दिली आहे.

बाई म्हणजे बागांचे नकाशे करणाऱ्या माझ्या नव्या मालकीणबाई. (छापखाना सोडला. ते नंतर सांगतो.) तळ्याकाठी होणाऱ्या बागेचं चित्र त्या काढतात, त्यात माणसं टाकायचं काम माझं. एका माणसाला दहा सेकंद. नाकडोळे नकोत, नुसती ढब दिसली पाहिजे. सरावाला तळ्यावर गेलो, पण माणसं थांबतात कुठे? एक आजोबा बुटाची नाडी बांधत होते, मी पेन्सिलीला टोक करेपर्यंत चालते झाले. मागे धावत जाऊन म्हटलं, आजोबा, परत एकदा बांधा ना. त्यांनी बूटच हातात घेतला. (मग मी बदकं बघत बसलो. पाण्याबाहेर आल्यावर बदक शेपूट कसं झटकतं ते कधी बघितलंय का? माझी अख्खी दुपार त्यात गेली.)

शेवटी आठवणीतून काढायला बसलो, तर हाताला येणारा माणूस एकच, तुम्ही! पोट पुढे, हात मागे बांधलेले, मान लांब. शेजारी कोणी खड्डा खणत असलं की तुम्ही उभे राहता ना, अगदी तस्से. चार रेघांत मामा तयार. असे सदतीस काढले. मुलं म्हणजे छोटे मामा, बायका म्हणजे केसवाले मामा. कुत्रं मात्र कुत्रंच आहे, मान तेवढी तुमची.

बाग करून घेणाऱ्या कमिटीचे अध्यक्ष चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "सगळेच हात मागे बांधून तळ्याकडे बघतायत. कोणी बुडालंय का?" बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "शुक्रवारी एक तरी माणूस हलताना दाखव, नाहीतर तूच हल इथून."

नोकरी गेली तर मी तुमच्याकडेच राहायला येणार, हे ओघानं आलंच. मामींना नमस्कार.

तुमचाच,
भाचा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. कृपा करून चार वेगवेगळ्या तऱ्हांनी उभे राहून फोटो पाठवा.

ता. क. २. पत्र पोस्टात टाकायचं राहून गेलं. तोवर मामींना फोन केला, त्यांनी तुम्हाला न सांगता घरातले चार जुने फोटो पाठवलेसुद्धा. तीन फोटोंत हात मागेच. चौथ्यात मामी दोन्ही हातांनी तुमचा एक हात ओढून पुढे आणतायत आणि तुम्ही काही केल्या देत नाही. तोच काढला. बाई म्हणाल्या, "हं, आता कुठे जीव आला!" नोकरी राहिली. आता पळणारा माणूस हवाय. काय करायचं ते मामींना सांगून ठेवलंय. तुम्ही फक्त सावध राहू नका.