मोगरीची मालकीण

४ नोव्हेंबर, मंगळवार
आजही सु.ची साडी नेसून दूध काढलं. तेच, तिचं गोठ्यातलं हिरवं जुनेर. पँटवरूनच गुंडाळतो, पदर डोक्यावर घेतो. मोगरी हुंगते, सुस्कारा सोडते, मग पान्हा सोडते. पलीकडच्या बिल्डिंगमधली पोरं गॅलरीतून हसतात. हसू देत. बायको गेल्यावर म्हातारा लुगडं नेसायला लागला, ही उमेळे गावातली ताजी बातमी आहे.
पहिल्या दिवशी मोगरी दूध देईना, तेव्हा शेजारच्या जनीवहिनीनेच सुचवलं. "कोन दोहतंय ते गाईला कलतं भाऊजी. तिचं काय तरी अंगाव घ्या." तेव्हा राग आला होता.
साडीला अजून सु.चा वास आहे. शेण, गवत आणि तिचा. मोगरीला येतो तसा मलाही येतो.

९ नोव्हेंबर, रविवार
प्रणालीने साडी धुतली.
सुट्टी होती म्हणून सगळं घर आवरलं सूनबाईने. गोठ्याच्या खुंटीवरची साडीही मशीनमध्ये. दोरीवर वाळत घातलेली बघितली, नाकाशी धरली. "पप्पा, किती वास मारत होती! सुगंधी पाण्यातून पण काढलीय." हौसेने केलं तिने.
संध्याकाळी नेसून बसलो. मोगरीने हुंगलं, मान फिरवली. थेंब नाही. दुसऱ्यांदा बसलो तर लाथ.
प्रणालीला माझ्या मुलाने, म. ने, वासाचं सांगितलं असावं. जेवताना तिचे डोळे लाल. "पप्पा, मला खरंच माहीत नव्हतं हो." म्हटलं, अगं वेडे, साडीच ती.

१२ नोव्हेंबर, बुधवार
कास तटतटली आहे. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. आम्ही दोघांनी धरली तेव्हा थोडं पिळून निघालं. "असं राहिलं तर सूज धरेल, काका. एखाद्या मोठ्या गोठ्यात द्या, मशीनची सवय होईल तिला." कामणच्या विकासचं नाव त्यांनीच काढलं. बरा पोरगा आहे म्हणे, गाई कापायला देणाऱ्यातला नाही.
माझे गुडघे असे. म. आणि प्रणाली सकाळी जातात ते दिवेलागणीनंतर येतात. वासरूही कधीच आईपासून तोडलेलं. मोगरीला कोण बघणार? सगळं पटतं. पटूनही बाईंना चहा विचारायचा राहिला.

१५ नोव्हेंबर, शनिवार
विकास टेम्पो घेऊन आला. मोगरीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर मोबाइल धरला आणि स्क्रीनवरून मोठ्याने वाचलं, "मालक, सुलभा." बिल्ला मारला त्या दिवशी सु. मोगरीचं तोंड पोटाशी धरून उभी होती. कानातून रक्त आलं तशी डॉक्टरवरच खेकसली, "तुमच्या कानात मारा की एक!" त्याने मालकाचं नाव विचारलं. मी म्हटलं, हिचंच लिहा, गाय हिचीच आहे, मला तर ओळखतही नाही. मोबाइल नंबरही हिचाच दिला. सु. दिवसभर तोऱ्यात होती.
ठरलं असं, की आठवडाभर ठेवून बघायचं, जमलं तर नाव बदलायचं. पैशाचं मी बोललो नाही, त्यानेही काढलं नाही.
दावं मात्र ठेवून घेतलं. जनावर द्यावं, दावं देऊ नये. विकासने नवीन आणलंच होतं. मोगरी टेम्पोत चढेना. शेवटी मीच पुढे झालो, सु. जशी जिभेने टक् टक् करायची तसं केलं. चढली. फसवून पाठवल्यासारखं वाटतंय.

२० नोव्हेंबर, गुरुवार
कामणला जाऊन आलो. गोडाऊनच्या रांगेमागे विकासचा गोठा. लोखंडी खोडा आहे, गाय आत शिरली की मानेशी दांडा बंद. मोगरी त्यात उभी होती. गळ्यात इलेक्ट्रॉनिक पट्टा. किती खाल्लं, किती रवंथ केलं, सगळं विकासच्या मोबाइलवर येतं. "काका, रवंथ कमी दाखवतंय. मशीन लावली की दूध चढवून धरते." म्हटलं, माझंही रवंथ कमीच आहे, पट्टा घाल मला एक. तो हसला. मी नाही हसू शकलो.
मी हाक मारली तेव्हा तिने कान हलवला. बिल्लावाला.

२३ नोव्हेंबर, रविवार
सु.च्या फोनवर मेसेज. 'सुलभा, आपल्या जनावराच्या लसीकरणाची वेळ झाली आहे.' फोन मी रोज चार्ज करतो. तिला कुणी फोन करत नाही, पण बंद करायला हात धजत नाही. मोगरीचे मेसेज तेवढे येतात. तिला अजून जिवंत धरून चाललेलं ते एकच ठिकाण.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी विकासचा फोन. "काका, गुड न्यूज! मोगरीने दूध सोडलं. काल संध्याकाळी आणि आज पण. खायला पण लागली." वा, म्हटलं. छान झालं.
छानच झालं. कासेचा धोका टळला, जीव वाचला तिचा. आणि मी गोठ्यात जाऊन रडलो. सु. गेली तेव्हा माणसांत होतो, असं रडता आलं नव्हतं. मोगरी विसरली. आता वाट बघणारा मी एकटाच.
दुपारी पुन्हा त्याचा फोन. "नाव बदलून घेऊ या. माझ्या नावावर नसेल तर विमा होत नाही, उद्या काही झालं तर? काकींच्या नंबरवर ओटीपी येईल, तेवढा सांगा." त्याचंही खरं आहे. सु.चा फोन हातात घेऊन खुंटीपाशी बसलो. खुंटीला दावं, शेजारी ती धुतलेली साडी.
ओटीपी आला. चष्मा नव्हता तरी आकडे दिसले.
"आला का, काका?"
नाही रे, म्हटलं. इथे रेंज नाही.
"परत पाठवू?"
उद्या पाठव, म्हटलं.