शेवरीने पाय आपटला

राहू, ता. दौंड
दि. ३ नोव्हेंबर २०२५

चि. सृष्टीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही उभयता खुशाल आहोत. माझा अंगठा मात्र खुशाल नाही. दिवाळीत शिरूरास आलो असता तुझ्या शेवरी नावाच्या सशीने त्यास जो दंश केला, त्यावर अद्याप पट्टी आहे. चाळीस वर्षे मी मेंढरे राखली. एकाही जनावराने माझ्या हातास दात लावला नाही. तुझी आजी पट्टीकडे पाहून विचारते, की आता लांडगा कवा चावणार हाय. भाषा तिची आहे.

असे तापट जनावर घरात नसावे. रविवारी, १६ तारखेस, ते केडगावच्या सोपानरावांस देऊन टाकावे, असे तुझ्या वडिलांस बजावले आहे. तू शहाणी आहेस, रडणार नाहीस.

अभ्यासावर व माझ्यावर लोभ ठेवावा.

तुझा आजोबा,
आबा

शिरूर
दि. ७ नोव्हेंबर

ती. आबांस शि. सा. न. वि. वि.

मी रडले, पण थोडीच. पप्पा म्हणतात, आबांचा शब्द आबाच मागे घेतील, आपण नाही. म्हणून लिहिते आहे; फोनवर तुम्ही बरं बरं म्हणून लगेच आजीकडे देता.

शेवरी तापट नाही, घाबरट आहे. तुम्ही दारातल्या कुत्र्याला कुरवाळलंत आणि तोच हात वरून तिच्या पिंजऱ्यात घातलात. तिला वाटलं, कुत्रा आला आणि घारही आली. तिने आधी पाय आपटला. तुम्ही म्हणालात, बघा, नाचते आहे. मग तिने कान मागे पाडले, गुरगुरली. तुम्ही कोकरासारखा तिचा मागचा पाय धरून ओढलात. इतकं सांगूनही कुणी ऐकेना, तर ती चावेल नाही तर काय करेल?

एक विचारायचं होतं. नुकती व्यालेली मेंढी पाय आपटते, तेव्हा तुम्ही काय करता?

आजीला नमस्कार, अंगठ्यालाही. माया पातळ करू नका.

तुमची
सृष्टी

राहू
दि. १२ नोव्हेंबर

चि. सृष्टीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा प्रश्न उद्धट होता. उत्तर असे, की तेव्हा शहाणा मनुष्य दोन पावले मागे सरतो आणि खाली बसतो. हे माझ्या चौथीच्या पुस्तकात नव्हते, मेंढ्यांनीच शिकवले.

काल तुला न कळवता शिरूरास येऊन गेलो. तू शाळेत होतीस, तुझे वडील सतीश कंपनीत पाळीवर. प्रथम साबणाने हात धुतले. तुझ्या आईकडून पिंजऱ्याचे दार उघडवले व फरशीवर पाठ फिरवून बसलो. शेवरीने दोनदा पाय आपटला. दोन्ही वेळा मी पुढे सरकून तिला जागा दिली. तुझी आई तोंडाला पदर लावून हसत होती, ते मी मनावर घेतले नाही. पाऊण तासाने शेवरी बाहेर आली, माझ्या धोतराचा काठ कुरतडला आणि मांडीशी डोके खाली घालून स्वस्थ बसली. तुझ्या आईने सांगितले, की तिला कपाळ खाजवून हवे आहे. मी खाजवले. बस चुकली.

सोबत तुझ्या वडिलांसाठी बंद चिठ्ठी आहे. जनावर कोठेही जाणार नाही आणि चूक माझी होती, एवढेच तीत आहे. असे वाक्य जन्मात प्रथमच लिहिले, म्हणून अक्षर किंचित वाकडे आले. ती त्यांस रविवारपूर्वी द्यावी. तू फोडू नये.

लोभ आहेच, त्यातील निम्मा शेवरीस द्यावा.

तुझा आजोबा,
आबा