वाटेतला बुडखा

अकोला, रविवार, १५ मार्च

निघाला एकदाचा! बाबांनी लावलेला कडुनिंब वादळात पडला, पण बुडखा अंगणात तसाच होता. आईच्या जिवाला लागेल म्हणून मी हात लावत नव्हतो. कितीदा अंगठा ठेचला, तरी गप्प.

आज शेजारी जेसीबी आला होता, त्यालाच बोलावलं. मुळं कडाकडा तुटली. माझं लक्ष आईकडे. आता रडते की काय?

"इतके दिवस काहून थांबला? माहा अंगठा पाह्य, नखच नाही राह्यलं. तुले बापाची आठवण म्हणून मी चूप होती."

तिचाही अंगठा! हसावं की काय करावं? केवढं हलकं वाटलं.

"तिथं दुसरा कडुनिंब लावू?" मी विचारलं.

"लाव. पण वाटेत नको. तुह्या बापालेही तवाच सांगितलं होतं."