ऑगस्टच्या माद्या

सानगडी, २१ जानेवारी २०२३

प्रिय गुंजन,

‘प्रिय’ लिहिताना हात थबकला. पण सात वर्षांची सवय आहे, राहू दे. तुला विद्यापीठात नोकरी लागल्याचं कळलं. आपल्या शिंपल्यांवरच्या शोधनिबंधामुळेच लागली, हेही कळलं.

आमच्या तलावावर तू दोनदाच आलीस. चौदा महिने मी आणि आई कमरेइतक्या पाण्यात पायांनी चाचपून शिंपले काढत होतो. शिंपल्यातला नर कोणता, मादी कोणती हे वरून कळत नाही. एकेक उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात की शुक्राणू ते बघून, मी तुकडा नळीत घालायची आणि वर नर-मादीची चिठ्ठी लावायची. आई विचारायची, “काहून वं, त्याच्या पोटात काय पाहून राहिली?” मी सांगायची, अंडी पिकायच्या दिवसांत मादीत कोणती जनुकं जागी होतात आणि नरात कोणती, ते गुंजन नागपूरच्या प्रयोगशाळेत शोधणार आहे. आई म्हणायची, “मंग थे पोरगी पाण्यात काहून नाई उतरत?” मला तिचा राग यायचा.

पुढे मी साकोलीच्या कॉलेजात शिकवायला लागले आणि एक दिवस तुझा फोन आला. तू म्हणालीस, ऑगस्टच्या माद्यांत नराची जनुकं जागी असतात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, निबंध छापूनही आला. मला ते खरं वाटेना. मी वही काढली. त्या ऑगस्टात आईच्या पायात काच गेली होती. तिला दवाखान्यात न्यायच्या घाईत मी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. वहीतल्या सूक्ष्मदर्शकाच्या नोंदी आणि नळ्यांचे आकडे स्पष्ट सांगत होते, नरांच्या नळ्यांवर मी माद्यांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी एसटीने नागपूरला आले, ते हे सांगायला. तू निबंध पुढे ठेवलास. तुझं नाव होतं, तुझ्या मार्गदर्शक सरांचं होतं. शेवटी बारीक अक्षरात ‘नमुने गोळा करणाऱ्या स्थानिक मजुरांचे आभार’. तू म्हणालीस, “सरांनीच ठरवलं गं. तू आता नोकरीत आहेस, तुला काय फरक पडतो?” मी चहा पिऊन परत आले. वही पिशवीतून काढलीच नाही. खोटं सांगत नाही, दोन वर्षं त्या गप्प राहण्यात मला सुख होतं.

गेल्या आठवड्यात रीना नावाची मुलगी घरी आली. सरांचीच विद्यार्थिनी, पीएचडीचं तिसरं वर्ष. याच तलावातले शिंपले नेऊन तुझा निष्कर्ष पुन्हा काढून दाखवायचा, एवढंच तिचं काम. तो येत नाही. सर तिला म्हणतात, “तुझ्याच हाताला वळण नाही.” ती माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपते, मग घरचे तिला परत नेणार आहेत.

मी तिला वही दाखवली. सोमवारी वहीच्या पानांच्या प्रती निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना पाठवल्या. तुला आधी कळवलं नाही. तूही मला कळवलं नव्हतंस. चूक माझी, असं मी स्वच्छ लिहून दिलं आहे. ते दुरुस्ती छापतील, तेव्हा निदान तिथे तरी त्यांना माझं नाव घालावं लागेल.

एकेकाळची तुझीच,
रत्नमाला